धुराची प्रत

४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन, तीन शिक्के खाऊन काल हाती पडलं. बारा नामांकित वास्तूंची हिवाळ्यातली चित्रं, प्रत्येकाच्या फक्त एकशेवीस प्रती, सगळ्यांवर तुझी सही आणि क्रमांक, आणि अकरावं चित्र आमच्या नगरभवनाचं! आईला दोनदा वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला सांग, कानटोपी घालून ये."

आता आमची बातमी. राहतं घर गेलं. मालकाने विकलं आणि नव्या मालकाला आम्ही नको होतो. खूप हिंडले. आजारी म्हातारी बरोबर आहे म्हटलं की लोकांना एकदम आठवतं, खोली कालच गेली.

नगरभवन नोव्हेंबर ते मार्च बघणाऱ्यांसाठी बंद असतं. झाडलोट माझ्याकडे, किल्ल्याही माझ्याकडेच. अगदी वर, छपराखाली, पूर्वीच्या घड्याळजीची खोली आहे. तिथे आम्ही राहायला आलोय. विश्वस्तांना पत्ता नाही. जुन्या चिमणीतली काजळी काढून मी खाली शेगडी मांडली. आई म्हणते, "आमची चिमणी चिमणीखाली राहायला आली." स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसली आणि मग अर्धा तास खोकली. डॉक्टर म्हणाले, छातीला गारठा लागू देऊ नका, याहून मोठं औषध माझ्याकडे नाही.

शेगडी मी पहाटे अंधारात तासभर पेटवते. उजाडायच्या आत विझवते, धूर कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. दिवसभर आई जेवढी आहेत तेवढी पांघरुणं घेऊन पडते.

ही गोष्ट तुझ्या-माझ्यातली. बाहेर फुटली तर नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जाईल.

तुझी,
चिमणी


१२ नोव्हेंबर

चिमणे,

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. लोक तिकीट काढून जी वास्तू बघायला येतात, तिथे माझी मावशी बिनभाड्याने राहते! गॅलरीवाल्या बाईंना सांगायचा मोह झाला होता, पण जीभ आवरली. काळजी करू नकोस.

पहिला जाड बर्फ पडला की येतो. समोरच्या बेकरीच्या माडीवरची खिडकी मिळेल का, विचारून ठेव. तिथून छप्पर सरळ समोर येईल. तीन दिवस बसेन. तुमच्याकडे उतरलो असतो, पण बाईंनी हॉटेलात सोय केली आहे, नाही कसं म्हणणार?

मावशीला सांग, कानटोपी आणतोय.

दादा


९ डिसेंबर

प्रिय दादा,

तू गेल्यापासून आईच्या तोंडी दुसरा विषय नाही. वीस मिनिटंच बसलास, पण तिला ती वर्षभर पुरतील. "बारीक झालाय", "केस पिकले गं त्याचे", "अजून पेन्सिल कानावरच ठेवतो." मी म्हटलं, मीही रोज समोर असते, माझे केस पिकले ते कधी दिसले नाहीत तुला? तर म्हणते, तुझे कुठे जातायत.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तू वर आलास तेव्हा तुझी बोटं लाकडासारखी झाली होती. दिवसा शेगडी पेटवायची नाही हा माझा नियम, पण आईने ऐकलं नाही. "पोराची बोटं आहेत ती, त्याचं पोट आहे त्यांच्यावर. पेटव." म्हणून पेटवली. तू हात शेकून खाली गेलास तरी ती विझवू देईना, तू परत वर येशील म्हणून. उगाच दोन तास जळली. माझा जीव टांगणीला लागला होता. सुदैवाने बर्फ एवढा होता की चौकात चिटपाखरू नव्हतं.

चित्र कसं झालंय? आई विचारतेय.

चिमणी


८ जानेवारी

चिमणे,

सोबत कच्ची प्रत पाठवतोय, तुला आणि मावशीला सगळ्यांच्या आधी. हात धुऊन उघड.

आजवर केलेल्या कामात हे सर्वांत चांगलं झालंय, हे मीच म्हणतो. बाईंनी बघितलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसल्या. बाकीच्या वास्तू सुंदर आहेत, पण थडग्यासारख्या. हे नगरभवन श्वास घेतंय. छपरावरच्या त्या एका रेघेने सगळी जादू केली आहे. छपाई सुरू केली आहे.

दादा


११ जानेवारी

दादा,

चित्र पोचलं. आईने ते भिंतीला टेकवून ठेवलंय आणि समोर बसून आहे. म्हणते, पायऱ्या मोजल्या, बरोबर अठरा आहेत.

तू धूर काढलायस.

छपराच्या डाव्या टोकाला, आमच्या खोलीवर. सगळं आकाश मोकळं आणि त्यात तेवढाच काळा धूर. आंधळ्यालाही दिसेल. तुझी बोटं शेकायला पेटवलेली शेगडी, दादा! खाली जाऊन तू तिचाच धूर काढलास?

आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष नगरभवनाचं चित्र असलेला प्रत्येक कागद गोळा करतात. काडेपेटीवर छापलेलंसुद्धा त्यांच्याकडे आहे. तुझी मालिका ते घेणारच. इमारतीतली एक वीट हलली तरी त्यांना कळतं.

तो धूर पुसून टाक. बाकी तू म्हणशील ते.

चिमणी


१५ जानेवारी

चिमणे,

तू घाबरलीस ते समजू शकतो, पण जरा शांतपणे ऐक.

या चित्रात बर्फ म्हणजे कोरा कागद आहे. मी तिथे काहीच केलेलं नाही. एवढ्या कोऱ्या कागदात ती वास्तू जिवंत राहते ती त्या धुरामुळे. धूर काढला तर उरतो तो कॅलेंडरचा कागद. मी धूर मुद्दाम घुसडला नाही, तो होता. लहानपणी मी आंब्याला सफरचंदं काढली तेव्हा मावशीनेच कान पिळला होता, "दिसेल तेच काढ, मनाचं घालू नकोस." आता तिचंच ऐकल्याबद्दल मला शिक्षा?

आणि खरं सांगू? चित्र विकत घेणारे चित्र बघत नाहीत. दिवाणखान्यात खिळा ठोकतात, पाहुण्यांना किंमत सांगतात, संपलं. तुमचे अध्यक्षही त्यातलेच. तू स्वतःला उगाच फार महत्त्व देतेस.

मावशीला नमस्कार.

दादा


१८ जानेवारी

दादा,

आईला आठवडाभर ताप आहे. डॉक्टर म्हणाले, मार्च संपेपर्यंत हिला या खोलीतून हलवू नका. मी म्हटलं नाही हलवत. त्यांना काय सांगणार की ते आता तुझ्या हातात आहे.

तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आमच्याकडे आलास, आणि पलंगावरची भिंतीकडची, उबेची जागा तुला मिळाली. मी कडेला झोपायचे. दोनदा पडले. आई म्हणायची, "त्याला आई नाही, तुला आहे." मी कधी तक्रार केली नाही. आजही करत नाही. फक्त एक धूर पुसायला सांगतेय.

पाया पडते तुझ्या.

चिमणी


२५ जानेवारी

चिमणे,

मी तुझा मोठा भाऊ आहे, कसाई नाही.

आज सकाळी, ज्याच्यावरून चित्र छापतो तो तांब्याचा पत्रा पुढ्यात घेतला आणि ज्या रेघांतून धूर उठत होता, त्या खरवडून, घासून गुळगुळीत केल्या. चार तास लागले. आता तुमच्या छपरावर नुसतं आकाश आहे. बाई चिडल्या, त्यांना मी सांभाळून घेतलं. मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुला कळणार नाही.

आता शांत झोप.

दादा


३० जानेवारी

प्रिय दादा,

पत्र वाचलं आणि जिन्यातच बसून रडले. तुला नको नको ते लिहिलं. पलंगाचं तर लिहायलाच नको होतं. कुठलं कुठे काढलं मी. माफ कर.

आईला मी यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. तिच्या मते तू चित्र पाठवलंस आणि मी आभाराची पत्रं लिहितेय. ताप उतरलाय. काल अर्धी वाटी सूप घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली, म्हणजे बरी आहे.

कारकून सांगत होता, अध्यक्षांनी तुझ्या मालिकेसाठी नाव नोंदवलंय. महिन्यापूर्वी हे ऐकलं असतं तर मी जागच्या जागी बसले असते. आता म्हटलं, घेऊ देत बापडे. माझ्याच भावाला चार पैसे मिळतील.

तू चार तास खपलास ते मला कळतं, दादा. चित्रातलं कळत नसेल, एवढं कळतं.

तुझी,
चिमणी


२२ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र कुठून लिहितेय ते शेवटी सांगते. आधी काय झालं ते.

सोमवारी दुपारी मी खालचा दिवाणखाना पुसत होते. अध्यक्ष आले. एकटेच, बगलेत चौकट. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, जरा इकडे या. हे काय आहे?"

मी बघितलं. धूर होता. खाली कोपऱ्यात तुझी सही आणि क्रमांक, एकशेवीसपैकी सात.

मी म्हटलं, "धूर दिसतोय साहेब."

"हे धुराडं माझ्या वडिलांच्या काळापासून बंद आहे."

"चित्रकार आहे साहेब. मनाने घातला असेल. शोभेला."

त्यांनी चौकट उलटी केली. मागे छापील कागद चिकटवला होता, खाली तुझीच सही. त्यांनी मोठ्याने वाचलं. "या चित्रातली प्रत्येक रेघ मी जागेवर बसून, डोळ्यांनी पाहून काढली आहे. कल्पनेचं यात काही नाही." वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नाही बघितलं, जिन्याकडे बघितलं.

तेवढ्यात वरून आईने हाक मारली. "कोण आलंय गं? दादा का?"

माणूस वाईट नाही. ओरडले नाहीत. वर जाऊन शेगडी बघितली, आजूबाजूच्या लाकडी तुळया बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "तीनशे वर्षांची इमारत, बाई. एक ठिणगी पुरली असती." खरंच होतं ते. दोन तास दिले. किल्ल्या तिथेच घेतल्या. बेकरीवाल्याने ढकलगाडी दिली, तिच्यावर आईला पांघरुणात गुंडाळून घातलं. वरून ओला बर्फ पडत होता. आई सारखी विचारत होती, छप्पर दुरुस्तीला काढलंय का? मी हो म्हटलं.

आम्ही बेघरांच्या निवाऱ्यात आहोत. बायकांच्या दालनात चाळीस खाटा आहेत. आमची खिडकीखाली आहे, आणि खिडकीची काच फुटलेली आहे.

तू धूर पुसला होतास ना?

चिमणी


१ मार्च

चिमणे,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मी खोटं बोललो नाही. धूर पुसला म्हटलं, तो पुसला. पण त्याआधीच धुरासकट पंचवीस प्रती निघाल्या होत्या. त्याबद्दल तू काही विचारलं नव्हतंस. त्या फाडून टाकायला हव्या होत्या, असं आता वाटतं. त्या वेळी चांगल्या कागदावरच्या, निर्दोष पंचवीस प्रती हाताने फाडणं मला जमलं नाही. आणि पहिल्या प्रती नेहमी जुन्या, मोठ्या ग्राहकांना जातात, ते बाईंच्या हातात असतं. तुमचे अध्यक्ष त्यांत असतील हे मला काय ठाऊक? म्हणजे, तू लिहिलं होतंस. पण यादी मी बघितली नाही. बघायला हवी होती.

मावशीला माझ्याकडे आणावं असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण घरभर ॲसिडचा आणि शाईचा वास असतो. धडधाकट माणसाला ठसका लागतो, तिच्या छातीचं काय होईल? तिच्याच भल्यासाठी नको म्हणतोय. शिवाय महिनाअखेर प्रदर्शन आहे, माणसांची ये-जा आहे.

एक गोष्ट सांगू का? रागावू नकोस. धूर असलेल्या पंचवीसच आणि बिनधुराच्या पंचाण्णव, हे बाहेर कळलं आणि लोक हात धुऊन पंचवीसांच्या मागे लागले आहेत. 'धुराची प्रत' असं नावच पडलंय. या अनर्थातून एवढं तरी चांगलं निघालं. माझ्याकडच्या दोनांतली एक मावशीसाठी पाठवतोय. तिच्या उशाशी लाव.

दादा


१९ मार्च

चित्र पोचलं. आईच्या उशाशीच लावलं, फुटक्या काचेवर, चार खिळे ठोकून. कागद जाड आहे. समोरून वारा अडला, कडेने येत राहिला.

आई चौदा तारखेला गेली. सकाळी, दूधवाला यायच्या सुमारास. तू ये म्हणून कळवलं नाही. तूही ती कशी आहे म्हणून विचारलं नव्हतंस.


२६ मार्च

चिमणे,

तीन दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही. बाई दार वाजवून गेल्या. मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

तू मला कळवायला हवं होतंस. मी आलो असतो. प्रदर्शन टाकून आलो असतो. तो हक्क तू माझ्याकडून काढून घेतलास. पण आज भांडायला लिहीत नाही.

मालिका मावशीला अर्पण करतोय. पहिल्या पानावर फक्त "मावशीस" असं असेल. उद्घाटनाला तू यावंस, माझ्या शेजारी बसावंस. भाडं पाठवतो.

ते खिडकीवरचं चित्र शक्य असेल तर काढून कोरड्या जागी ठेव. क्रमांक चोवीस आहे तो. खिळ्यांची भोकं दुरुस्त होतात, पण ओल लागली की कागद संपला.

आणि चिमणे, एवढं एकच सांग. शेवटी तिने माझी आठवण काढली का? काही बोलली का? काही निरोप ठेवला का माझ्यासाठी? जे असेल ते लिही. शिव्या असतील तर शिव्या लिही. मला हाताला काम सुचत नाही. पेन्सिल धरली की ढकलगाडी दिसते.

तुझा,
दादा


२ एप्रिल

दादा,

चित्र खिडकीवरच आहे. त्या खाटेवर आता दुसरी बाई आली आहे, तिलाही थंडी वाजते. ओल लागून कडा फुगल्या आहेत.

उद्घाटनाला येणार नाही. एका रुग्णालयात फरशी पुसायचं काम मिळालं, रजा नसते.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

आईने तुझी आठवण काढली. रोज. चित्र खिडकीवर लागल्यावर तर चाळीस बायकांना तेच. "माझ्या भाच्याने काढलंय. आईवेगळा पोर, मी वाढवलाय." नर्स आली की नर्सला, डॉक्टर आले की डॉक्टरांना. मी ऐकायचे. जाण्याच्या आदल्या दुपारी ती पुन्हा सुरू झाली आणि मला ते सहन झालं नाही. मी सांगितलं. सगळं. शेगडी कुणासाठी पेटवली होती, धूर कुणी काढला, मी कितीदा लिहिलं, तू काय उत्तरं दिलीस. पत्रं माझ्याजवळच होती, तीही वाचून दाखवली. छपराची दुरुस्ती नव्हती हेही सांगितलं. मरणाऱ्या बाईला हे सांगायला नको होतं असं इथली नर्स म्हणते. मलाही माहीत आहे. मला वाटलं, एकदा तरी तिने तुझ्याबद्दल काहीतरी वाईट म्हणावं आणि मी ते ऐकावं.

ऐकून तिने चित्राकडे बघितलं. मग मला जवळ बोलावलं आणि तुझ्यासाठी निरोप सांगितला. चार वाक्यं आहेत. धाप लागायची, म्हणून थांबत थांबत सांगितली. मी विसरेन म्हणून माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. दुसऱ्यांदा माझा एक शब्द चुकला तर तो दुरुस्त केला. मग माझा हात धरून म्हणाली, "हे त्याला कळव. नक्की कळव. शपथ घे." मी घेतली.

मला ती चारही वाक्यं पाठ आहेत. फरशी पुसताना आपोआप ओठांवर येतात.

तुला ती सांगणार नाही. चांगली आहेत की वाईट, तेही नाही. पुन्हा विचारू नकोस. इथवर येऊन पाया पडलास तरी नाही. आजपासून तुझी पत्रं न उघडता परत येतील, पोस्टमनला सांगून ठेवलंय.

आजवर आईचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. हा पहिला.